सहा नव्या मुलांची जबाबदारी

बारावीचा निकाल लागला की जून-जुलैमध्ये शिरूर कासारच्या रस्त्यावर हातात प्लास्टिकची फाईल घेतलेली मुलं-मुली दिसू लागतात. फाईलमध्ये गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाच्या झेरॉक्स, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो असा सगळा ऐवज असतो. कुणी रायमोह्याहून आलेलं असतं, कुणी तिंतरवणीहून, कुणी निमगाव मायंबाहून, तर कुणी गावापासून लांब असलेल्या एखाद्या वस्तीवरून. सोबत वडील असले तर ते बहुतेकदा गेटपाशीच थांबतात. आत जाऊन कोणत्या खिडकीवर काय विचारायचं, हे त्यांनाही ठाऊक नसतं. कितीतरी घरांतलं कॉलेजात पाऊल टाकणारं हे पहिलंच मूल असतं.

त्या दिवशी या मुलाच्या सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो एक-दोन वर्षांपूर्वी अशीच फाईल घेऊन आलेला कुणी दादा किंवा ताई. त्याला क्लार्कची वेळ माहीत असते, कोणत्या कागदावर कुणाची सही लागते हे माहीत असतं आणि नव्या मुलाच्या पोटात आलेला गोळाही ओळखीचा असतो. हे काम योगायोगावर न सोडता कुणीतरी ठरवून अंगावर घेतलं, तर त्याला विद्यार्थी नेतृत्व म्हणायचं. हे नेतृत्व कसं करायचं, ते या प्रकरणात पाहू.

कॉलेज सुटतं कुठे

शिरूर कासार १९९९ मध्ये तालुका झाला. सिंदफणेच्या काठचं हे गाव आणि भोवतालचा डोंगराळ, कोरडवाहू पट्टा. गावात कालिकादेवी महाविद्यालय आहे, त्यामुळे कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीसाठी बीड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावंच लागतं, असं आता नाही. मराठवाड्यासाठी ही सोय सहजासहजी आलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झालं. म्हणजे उच्च शिक्षण या भागात दारापर्यंत यायला स्वातंत्र्यानंतरची काही दशकं जावी लागली.

दार जवळ आलं तरी आत टिकणं हा वेगळा प्रश्न आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलं, की विद्यार्थी कॉलेज सोडतो त्यामागे बुद्धी किंवा पैसा एवढंच कारण नसतं. अभ्यासाच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही अंगांनी तो त्या संस्थेशी जोडला गेला का, यावर त्याचं टिकणं पुष्कळ अवलंबून असतं. ज्याला वर्गात कुणी नावाने हाक मारत नाही आणि न आल्यावर ‘कुठे होतास’ असं विचारत नाही, त्याचं येणं आधी अनियमित होतं आणि मग बंद पडतं. हे इतकं हळूहळू घडतं, की तो नेमका कोणत्या दिवशी कॉलेजातून गेला ते हजेरीपटही सांगू शकत नाही.

हे ओळखून जगभरच्या विद्यापीठांनी उपाय केले. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिना विद्यापीठात १९७० मध्ये विद्यार्थ्यांच्या असंतोषाचा भडका उडाला. त्यानंतर तिथल्या अध्यक्षांनी १९७२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. नव्या मुलाला विद्यापीठ समजावं आणि ते आपलं वाटावं, हा त्याचा हेतू होता. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची आणि ओळखीची मार्गदर्शिका काढली. आता अनेक कॉलेजांत पहिल्या आठवड्यात सभागृहात कार्यक्रम होतो, प्राचार्यांचं भाषण होतं, विभागांची ओळख करून दिली जाते. ते व्हायलाच हवं. पण नव्या मुलाची अडचण सभागृहात उभं राहून सांगण्यासारखी नसते आणि ती पहिल्या आठवड्यात संपतही नाही.

नियमात लिहिलेला आकडा

एका दादाने किती नवी मुलं सांभाळावीत? याचं उत्तर आपल्याकडे नियमातच लिहिलेलं आहे आणि फार थोड्या लोकांना ते माहीत आहे.

२००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे अमन काचरू या विद्यार्थ्याचा जीव गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. त्यातलं शिक्षेचं कलम सगळ्यांना ठाऊक असतं, कारण दरवर्षी त्याचं हमीपत्र भरून द्यावं लागतं. पण याच विनियमांत आणखी एक तरतूद आहे. प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपताना स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक कक्ष तयार करावा, पुढच्या वर्षी येणाऱ्या दर सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक असावा आणि अशा दर सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्गातला एक मार्गदर्शक असावा, असं त्यात म्हटलं आहे.

सहा हा आकडा शहाणपणाचा आहे. सहा जणांची नावं, गावं, घरची परिस्थिती आणि एसटीची वेळ डोक्यात राहते. साठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढता येतो, पण त्या साठांपैकी कोण गेले चार दिवस दिसलं नाही, हे कळत नाही. ज्याला पुढारी व्हायचं आहे त्याला साठ मुलं मागे हवीशी वाटतात; ज्याला मुलं टिकवायची आहेत त्याला सहा पुरतात. शंभर नवी मुलं आली तर सतरा मार्गदर्शक आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे तिसऱ्या वर्षातले तिघे, एवढ्या माणसांत काम होतं. कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजात एवढे विद्यार्थी सहज मिळतात.

राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांपासून सुरुवात करणं सर्वांत सोपं. ही योजना महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजासाठी द्यावेत, अशी तिची रचना आहे. दत्तक गावात नाली साफ करणं, झाडं लावणं ही कामं मोलाची आहेतच. त्यांच्या जोडीने यातले काही तास आपल्याच वर्गात नव्याने आलेल्या, गोंधळलेल्या मुलासाठी दिले, तर तीही समाजसेवाच आहे. आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी त्याबद्दल जरूर बोलावं.

विद्यापीठाचं वर्ष आणि उसाचं वर्ष

शिरूर कासारमध्ये हे काम करणाऱ्याला दोन वेळापत्रकं पाठ हवीत. पहिलं विद्यापीठाचं: जून-जुलैत प्रवेश, ऑगस्टमध्ये तास सुरळीत, दिवाळीच्या आगेमागे पहिल्या सत्राची परीक्षा. दुसरं उसाचं. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर गावांत येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी संसार गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, गावं ओस पडलेली असतात.

ही दोन्ही वर्षं एकमेकांना छेदतात ती नेमकी पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर. नवं मूल कॉलेजला जेमतेम सरावलेलं असतं आणि आई-वडील फडावर जातात. मग घरी शेरडं, म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं कुणी बघायची? जे मूल घरात सर्वांत मोठं, तेच. आईचं दुखणं निघालं असेल तर तिच्या जागी मुलगा किंवा मुलगी उसात जाते. हजेरी घसरते, परीक्षेचा फॉर्म राहून जातो आणि एकदा फॉर्म राहिला की ‘आता पुढच्या वर्षी बघू’ असं घरात ठरतं. ते पुढचं वर्ष सहसा येत नाही.

म्हणून इथल्या दादाचं खरं काम दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस सुरू होतं. आपल्या सहांपैकी कुणाचे आई-वडील जाणार, कुणाला स्वतःला जावं लागणार, घरी कोण राहणार आणि मुलाला वसतिगृहाची गरज आहे का, हे तोवर माहीत झालेलं असावं. परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख लागली की तो निरोप फडावरच्या मुलापर्यंत त्याच दिवशी पोहोचायला हवा. टोळीत कुणा ना कुणाकडे मोबाइल असतोच. एक फोन वेळेवर गेला की एक वर्ष वाचतं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर केली. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं त्याआधीपासून चालतात. आणि सरकारची वाट न पाहता याच तालुक्यातल्या आर्वी गावी दीपक आणि कावेरी नागरगोजे या दाम्पत्याने ‘शांतिवन’ उभं केलं. २००० सालाच्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांना घर आणि शाळा मिळाली. आई-वडील सहा महिने दूर असले तरी मूल शिकू शकतं, फक्त त्याच्या पाठीशी रोज कुणीतरी असावं लागतं, याचा पुरावा आपल्याच तालुक्यात उभा आहे. कॉलेजात येणाऱ्या मुलाच्या पाठीशी उभं राहायला तिथला दादा आणि ताई आहेत.

आधी कागद, मग बाकी सगळं

नव्या मुलाशी मैत्री करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याचा एखादा अडलेला कागद मार्गी लावणं. त्यासाठी तुम्हाला कागदांची पक्की माहिती हवी.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात आणि पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकते. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे संपलं, असा समज झाल्याने दुसऱ्या वर्षीची शिष्यवृत्ती गमावणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. यांचे निकष बदलत असतात, म्हणून दर जूनमध्ये ते पुन्हा वाचून घ्यावेत आणि गेल्या वर्षीच्या आठवणीवर कुणाला सल्ला देऊ नये.

जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या पुराव्याच्या तारखा तर पाठच असाव्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. वडील शाळेतच गेले नसतील तर आजोबा, चुलत आजोबा अशा रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी शाळेचा जुना उतारा शोधावा लागतो. कोणत्या शाळेत जुनी रजिस्टरं शाबूत आहेत, कोणता कागद तहसीलमध्ये मिळतो आणि सेतू केंद्रात कोणत्या वेळी गर्दी कमी असते, ही माहिती कोणत्याही पुस्तकात नसते. ती आधीच्या वर्षी हेलपाटे घातलेल्या मुलाकडे असते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अहिल्यादेवी होळकर योजनेखाली बारावीपर्यंत मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला ही सोय संपते आणि सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. त्यात तिकिटाच्या साधारण एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. रक्कम मोठी नसते, पण काल फुकट जाणारी मुलगी आज घरात दरमहा पैसे मागू लागते. तिच्या शिक्षणाबद्दल घरात आधीच चलबिचल असेल, तर एवढं निमित्तही पुरतं. पहिल्याच आठवड्यात ताईने बोनाफाईड काढून तिचा पास हातात दिला, तर घरात तो विषय निघतच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचनाही कुणीतरी मुलांच्या भाषेत सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह ही नावं ऐकून नवी मुलं गडबडतात आणि मित्राने घेतला म्हणून तोच विषय घेतात. पहिल्या वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक असतात. ते मिळवून वरचा ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली, तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँकेत जमा राहतात आणि ते सात वर्षांपर्यंत वापरता येतात. उसाच्या हंगामाने ज्यांचं शिक्षण तुटतं, त्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. घरच्या अडचणीने एखाद्याला थांबावंच लागलं, तर ‘शिक्षण सुटलं’ असं म्हणून त्याने आशा सोडू नये, परत येण्याची वाट उघडी आहे, हे त्याला तुमच्याकडून कळलं पाहिजे.

काय विचारायचं आणि कसं

‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नाला नवं मूल ‘नाही दादा’ असंच उत्तर देतं. अडचण सांगायची तर आधी ती अडचण आहे हे कळावं लागतं आणि मग लाज बाजूला ठेवावी लागते. म्हणून प्रश्न बारीक विचारावा. समजा, एक ताई पहिल्या वर्षातल्या मुलीशी बोलते आहे:

‘शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला का गं?’

‘भरलाय ताई.’

‘सबमिट झाला? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर आला?’

‘पप्पांच्या. आधारला त्यांचाच नंबर आहे.’

‘आणि पप्पा?’

‘कारखान्यावर गेलेत. फोन लागत नाही.’

पहिल्या उत्तरावर ताई थांबली असती, तर तो फॉर्म तसाच अर्धवट राहिला असता. दोन बारीक प्रश्नांनी खरी अडचण बाहेर आली. पप्पांचा फोन लागेल अशी रात्रीची वेळ ठरवायची किंवा आधारचा नंबर बदलून घ्यायचा, असा रस्ताही लगेच दिसू लागला.

यासाठी एक साधी वही ठेवा. प्रत्येकासाठी एक पान: नाव, गाव, येण्या-जाण्याची बस, दिलेला फोन घरातल्या कुणाचा, कोणता कागद बाकी, घरचे उसाला जातात का, कोणता विषय जड जातो. आठवड्यातून एकदा सहाही जणांशी समोरासमोर बोलायचं आणि ते पान पुढे लिहायचं. ही वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नये. घरची गरिबी, आजार, कर्ज यांतलं जे काही तुमच्या कानावर येईल, ते कट्ट्यावरच्या गप्पांत जाऊ देऊ नये. एकदा विश्वास मोडला की सहांतला एकही पुन्हा तोंड उघडणार नाही.

स्वतःचा अनुभव सांगायलाही शिका. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले गेले. सुरुवातीला आम्हालाही परकं वाटत होतं, आपण इथले नाही असं वाटत होतं, पण हळूहळू ते ओसरलं, अशा अर्थाचे ते अनुभव होते. मग नव्या मुलांना पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी स्वतःचा अनुभव लिहायला आणि कॅमेऱ्यासमोर सांगायला लावलं. एवढ्या तासाभराच्या कामानंतर पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण चढत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत निम्म्यावर आली.

यातून घेण्याजोगं पुष्कळ आहे. ‘घाबरू नको, सगळं सोपं आहे’ असं म्हणू नका. नव्या मुलाला ते सोपं वाटत नसतं, त्यामुळे त्याला आपणच कच्चे आहोत असं वाटू लागतं. त्यापेक्षा ‘मलाही पहिले दोन महिने इंग्रजीतलं काही कळत नव्हतं, मग मी अमुक केलं’ असं सांगा. अडचण सगळ्यांना येते आणि ती सरते, हे एकत्र सांगितलं की धीर येतो.

अभ्यासाचं मंडळ

अकरावी-बारावीपर्यंत शिक्षक टिपणं देतात, प्रश्नोत्तरं लिहून देतात. पदवीला संदर्भग्रंथ सुचवले जातात आणि पुढचं मुलाने करायचं असतं. हा बदल कुणी समजावून सांगत नाही. इथे दादाने स्वतः शिक्षक होऊ नये. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये मिसुरी विद्यापीठाच्या डीॲना मार्टिन यांनी १९७३ मध्ये एक पद्धत बसवली. एखाद्या अवघड विषयात चांगला पास झालेला विद्यार्थी नव्या मुलांबरोबर त्या विषयाच्या तासांना पुन्हा बसतो आणि नंतर त्यांच्यासोबत अभ्यासाची बैठक घेतो. बैठकीत तो व्याख्यान देत नाही. टिपणं एकमेकांशी ताडून बघा, हा प्रश्न तू फळ्यावर सोडव, तुला काय कळलं ते हिला सांग, अशी तो मुलांकडूनच कामं करून घेतो. ही पद्धत पुढे अनेक देशांत पोहोचली.

आपल्याकडे एसटीची वेळ होईपर्यंत मुलं कॉलेजात किंवा स्टँडवर तास-दीड तास काढतातच. आठवड्यातून दोनदा तोच वेळ ग्रंथालयात सहा जणांनी एकत्र बसण्यासाठी वापरावा. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवाव्यात. ग्रंथालयाचं कार्ड काढून त्यावर पुस्तक कसं घ्यायचं, हेही पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून करून घ्यावं. कार्ड खिशात असून वर्षभर एकही पुस्तक न घेतलेली मुलं फार असतात.

कुठे मोठ्यांना बोलवायचं

मदत करणाऱ्याला स्वतःची मर्यादा कळणं हा या कामाचा गाभा आहे. काही गोष्टी एकट्या विद्यार्थ्याने हाताळायच्या नसतात.

रॅगिंगचा संशय आला तर मिटवामिटवी करू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला मनाई करणारा कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षं कोणत्याही संस्थेत प्रवेशबंदी अशी तरतूद त्यात आहे. प्राचार्यांना लेखी कळवा. देशभरासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांकही आहे. मुलीला कुणी त्रास देत असेल तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे, तिथपर्यंत तिच्यासोबत जा. तिच्या वतीने भांडणं अंगावर घेऊ नका. एखादं मूल जगण्याबद्दल निराशेने बोलू लागलं तर त्याला एकटं सोडू नका, विश्वासातल्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगा आणि १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलणं करून द्या.

आपल्या जिल्ह्याचा एक मोठा प्रश्न इथे स्पष्ट बोलावा लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. आई-वडील उसाला जाताना वयात आलेली मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी त्यामागे असते. आपल्या कॉलेजांत अकरावी-बारावीचे वर्गही असतात आणि पदवीच्या पहिल्या वर्षालाही सतरा वर्षांच्या मुली असतात. एखादी अचानक येईनाशी झाली आणि लग्नाची कुणकुण लागली, तर १०९८ या क्रमांकावर कळवता येतं. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. हे पाऊल एकट्याने उचलू नका, शिक्षकांना सोबत घ्या. पण गप्पही बसू नका.

हा वारसा आपलाच आहे

मोठ्या मुलांनी लहानांना सोबत घेऊन शिकायचं, ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामं वाटून घेत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहूंचं नाव दिलं गेलं. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यांतून पुण्याला शिकायला येणाऱ्या गरजू मुलांना राहायला जागा, स्वस्त जेवण आणि आपली माणसं मिळवून दिली. मुंबईच्या आयआयटीत आज वरच्या वर्गातल्या निवडक विद्यार्थ्यांकडे नव्या मुलांचे छोटे गट सोपवले जातात. साधनं वेगळी, काळ वेगळा, पण सूत्र एकच: जो आधी आला, त्याने मागून येणाऱ्याला हात द्यायचा.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत नव्वदच्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या आणि तेव्हापासून विद्यार्थी नेतृत्व संपलं, अशी तक्रार ऐकू येते. निवडणुका असाव्यात की नसाव्यात, यावर मतं वेगळी असू शकतात. पण सहा मुलांना वर्षभर टिकवायला कुणाच्या मतांची गरज लागत नाही, पदाची लागत नाही आणि बॅनरवरच्या फोटोचीही लागत नाही. लोकांत काम करण्याची जी हातोटी पुढे ग्रामपंचायतीत, शिक्षकीत, पोलिसात किंवा प्रशासनात लागते, ती इथे फुकट शिकायला मिळते. माणसाचं पूर्ण ऐकून घेणं, कागदाचा पाठपुरावा करणं, साहेबांशी नम्रपणे पण ठामपणे बोलणं आणि शब्द दिला की पाळणं, हे सगळं त्यात येतं.

तेव्हा हे प्रकरण वाचणाऱ्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक आग्रहाची विनंती. विनियमाने मार्गदर्शक कक्ष वर्षाच्या शेवटी तयार करायला सांगितलं आहे, म्हणून जूनची वाट पाहू नका. एप्रिलमध्ये परीक्षा सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांना अर्ज द्या, मार्गदर्शक होण्याची तयारी असलेल्या मुला-मुलींची नावं त्याला जोडा आणि एक शिक्षक समन्वयक म्हणून मागा. तुमच्या गावातून बारावीला बसलेल्या मुलांची यादी करा, त्यांच्या घरी जा आणि कोणते दाखले आत्ताच काढायला हवेत ते आई-वडिलांना समजावून सांगा. कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, आई-वडील गावात परतलेले असतात. बोलायला यापेक्षा चांगली वेळ नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या सहांपैकी निदान दोघांनी स्वतः सहा जणांची जबाबदारी घेतली, तर तुमचं काम पूर्ण झालं असं समजा.